सात खिळ्यांचा रस्ता

गुरुवार: खारबाव ते वळ

रस्त्याला भेग पडताना आवाज होत नाही. ती मिटतानाही होत नाही. ती मिटताना पाहण्यासाठी जानेवारीत तीन दिवस भिवंडीला जाऊन आलो.

खारबाव स्टेशनला उतरून रिक्षाने वळच्या दिशेने निघालो. आधी भाताची खाचरं लागतात, कापणी झालेली, नुसत्या धसकटांची. मग एका खाचरात गोदाम उभं दिसतं. मग दोन. मग खाचरं संपतात आणि निळ्या पत्र्याच्या भिंती सुरू होतात. त्यांना खिडक्या नाहीत. रिक्षावाला गोदामं आतल्या मालावरून ओळखत होता. "हे फ्रिजवालं. हे चपलांचं. हे लहान पोरांच्या डायपरचं." मधल्या गावाचं नाव विचारलं तेव्हा त्याला थोडा विचार करावा लागला.

वळच्या पुढे दोन गोदामांच्या मधून जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा प्रयोगासाठी राखलेला आहे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून आलेल्या इंजिनिअर मृणाल तिथे खडूने भेगांना क्रमांक घालत होत्या. दोन वर्षांपूर्वी हा थर टाकताना डांबरात पोलादाचे बारीक तंतू मिसळले होते, भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखे. वरून कॉइलचं यंत्र फिरवलं की चुंबकीय क्षेत्रामुळे हे तंतू तापतात. भोवतालचं डांबर ऐंशी अंशांच्या आसपास मऊ होतं आणि भेगेत उतरतं. इंडक्शन शेगडीवर पातेलं तापतं, त्याच तत्त्वाने. मी अकोल्याचा. आमच्याकडे मे महिन्यात चपला डांबरात रुततात आणि हिवाळ्यातल्या बारीक भेगा उन्हाळ्यात आपोआप नाहीशा होतात. कोकणातल्या उन्हात तेवढा दम नाही. म्हणून यंत्र.

बहुतेक भेगा चाकांच्या रेषेत, लांबट होत्या. क्रमांक नऊची भेग गोल होती. रस्त्याच्या डाव्या कडेला, चिंचेच्या सावलीत, सात-आठ जणींनी हात धरून फेर धरावा एवढा तिचा घेर. एका बाजूला ती थोडी तुटली होती, बाकी वर्तुळ पूर्ण.

"गोल का?" मी विचारलं.

"ट्रेलर इथे वळतात," मृणाल म्हणाल्या. "खालचा मुरूम नीट दाबला गेला नसेल. दोन्ही पावसाळ्यांनंतर हीच भेग आली, दोन्ही वेळा भरली. ही मिटली तर शनिवारी रस्ते खात्याच्या अधिकाऱ्यांना हीच दाखवणार आहे."

सहा वाजता गोदामाची बस आली आणि नेमकी त्या वर्तुळाशी थांबली. पॅकिंगच्या शिफ्टच्या पंधरा-वीस बायका उतरल्या, पिशव्या सावरत तिथेच चिंचेखाली रेंगाळल्या. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. भेगेच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"सुनंदा, भायेर ये," ते म्हणाले.

"बाबा, तुमची बाव आज बी उपाशीच ऱ्हायली," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"हसा गो," सुनंदा म्हणाली. "तुमच्या सासऱ्यांनी तुमाला भर रस्त्यात लंगडी खेळाय लावली असती, मंग कळलं असतं." असं म्हणत तिने एक पाय उचलून भेग ओलांडली. बायका आणखी हसल्या. म्हातारे हसले नाहीत. ते तिचे सासरे, पांडूबाबा. चिंच त्यांच्या जमिनीतली, रस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्या कडेला आलेली. बाव म्हणजे या भागात विहीर.

"इथे बाव होती का, बाबा?"

"हाय," ते म्हणाले.

मृणालना हे माहीत होतं. त्यांच्याकडे जुन्या नकाशाची प्रत होती. नकाशात विहीर होती, आणि रस्त्याच्या कागदपत्रांत ती दगडमातीने बुजवल्याची नोंद होती. खाली मालकाची सही: पांडुरंग, आणि पुढे आडनाव. "वर्षातून दोनदा तरी येतात, बाव हाय म्हणून सांगायला," त्या म्हणाल्या. "कागद दाखवला की गप्प बसतात."

शुक्रवार: रस्ता बंद

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. शहरातून वळकडे येताना वाडीवाडीतला खटखटाट नव्हता, आणि प्रयोगासाठी हा रस्ताही दिवसभर बंद ठेवला होता. सकाळी दहा वाजता, स्वच्छ उन्हात, त्या रस्त्यावर उभं राहिलं की स्वतःच्या बुटाखालची खडी ऐकू येत होती. एरवी या भागात मिनिटाला एक ट्रेलर जातो. गोदामांच्या भिंतींमधून कुणी बाहेर येत नव्हतं. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध येऊन बसलं, पण गोल भेगेच्या आत नाही.

यंत्र चालवणारे इस्माईलभाई आधी वीस वर्षं लूमचे मिस्त्री होते. त्यांनी सगळ्यांची घड्याळं, किल्ल्या, मोबाइल एका प्लास्टिकच्या डब्यात जमा केले. "लोहा दूर रखो. नंतर बोलू नका की इस्माईलने हात भाजवला."

पहिली भेग क्रमांक चारची. मी उकिडवा बसून पाहत होतो. भेगेच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती, अंडी तोंडात धरून आत उतरत होती. यंत्र चालायच्या वेगाने वरून गेलं. जाळ नाही, धूर नाही, फक्त जनरेटरची घरघर. रस्त्याचा रंग जरा ओलसर झाला. मग भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे आल्या. हे डोळ्यांना दिसतं, पण कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. भेगेत चिंचेच्या पानाचा वाळका देठ उभा होता. थोड्या वेळाने मी तो ओढून पाहिला. रस्त्याने तो धरून ठेवला होता. मुंग्या जिथे उतरत होत्या तिथे आता रस्ता होता. बाहेर राहिलेल्या तिथल्या तिथे फिरत होत्या.

"भरलं," मृणाल म्हणाल्या आणि वेळ लिहून घेतली.

क्रमांक नऊवर यंत्र दुपारी बाराला आलं. मृणालच्या हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. त्याच्या पडद्यावर थंड भाग निळा दिसतो, तापलेला पिवळा, फार तापलेला पांढरा. रस्ता हळूहळू पिवळा होत गेला. मग पडद्यावर एक पांढरा ठिपका आला. त्याच्या डावीकडे दुसरा. मग तिसरा.

"म्याडम, रीडिंग में गडबड है," इस्माईलभाई म्हणाले.

"गोळे झालेत," मृणाल म्हणाल्या. "मिसळताना तंतू एकत्र अडकले की तिथे जास्त तापतं. प्लँटवाल्यांची चूक."

ठिपके सात झाले. एकमेकांपासून सारख्या अंतरावर, भेगेच्या रेषेवर, गोलात. पडद्यावरून नजर काढून रस्त्याकडे पाहिलं तर रिकाम्या रस्त्यातून धुराच्या सात बारीक रेघा सरळ वर चढत होत्या. वारा नव्हता. रस्त्याच्या टोकाला बांधलेल्या दोरीपाशी गावातल्या तीन बायका पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कळशा खाली ठेवल्या आणि हात जोडले.

मृणालनी यंत्र थांबवायला सांगितलं. भेग तोवर मिटली होती. अगदी व्यवस्थित. खडूचा नऊ आकडा राहिला होता, त्याच्याशेजारी काही नव्हतं.

पांडूबाबा दोरीखालून वाकून आत आले होते. "बाय, ते गोळे न्हायत," ते मृणालना म्हणाले. "खिळे हायत. माजे."

"कसले खिळे?"

"सात आसरांचे सात, पान्यातल्या देवींचे. बावीच्या कडेवर. दर थराला नवीन ठोकलेत. ह्याच्या खालच्या थरात बी हायत, त्याच्या खाली बी."

इस्माईलभाईंनी पक्कड घेऊन एका धुराच्या जागेवरची माती खरवडली. चपटं, काळं, अंगठ्याएवढं डोकं दिसलं. त्यांनी ओढून पाहिलं. खिळा हलला नाही. आतलं डांबर त्याच्याभोवती आवळून बसलं होतं.

"बाबा, तुमने तो मेरी मशीन का बाजा बजा दिया," ते म्हणाले. मग पक्कड ठेवून त्यांनी दोन्ही तळवे रस्त्यावर टेकले. पलीकडे जनरेटर चालू होता. बराच वेळ ते तसेच राहिले. नंतर सरकून वर्तुळाच्या बाहेर तळवे टेकले, पुन्हा आत टेकले.

"म्याडम, लूम बसवताना आम्ही जमीन अशी बघतो," ते म्हणाले. "खाली भरीव असेल तर कंपन मरतं. पोकळ असेल तर फिरून हाताला येतं. मी या जागेवर लूम नाही बसवणार."

मृणालनी बॅगेतून कागद काढला आणि सही पांडूबाबांसमोर धरली. "ही तुमचीच ना? बुजवली असं लिहिलंय."

"माजीच," म्हातारे म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

शुक्रवार: पांडूबाबांचं घर

साडेसहाला सुनंदा बोलवायला आली. आज बस दुसऱ्या वाटेने आल्याने तिला लांबून चालावं लागलं होतं. "बाबांनी तुमाला आनि म्याडमना जेवाय बोलावलंय," ती म्हणाली. "सकाळधरनं जेवले न्हायत. तुमी आलात तर जेवतील."

घर विटांचं, दोन खोल्यांचं, मागे गोदामाची भिंत. तांदळाची भाकरी, सुकट घातलेलं वांगं, वर कांदा. आमच्याकडची ज्वारीची भाकरी मोडताना आवाज करते. ही कापडासारखी दुमडते. मृणाल मासे खात नव्हत्या, म्हणून सुनंदाने त्यांच्यासाठी वाल केले होते आणि ताट समोर ठेवताना म्हणाली, "ह्यात लोखंड न्हाय, जेवा बिनधास्त."

जेवण झाल्यावर पांडूबाबांनी फळीवरून एक डबा काढला. त्यात खिळे होते, बोटभर लांब, चौकोनी अंगाचे. बैलगाडी मोडली तेव्हा चाकाची लोखंडी धाव लोहाराकडून तोडून त्यांनी ते बनवून घेतले होते. त्यांच्या घरची रीत अशी: झाकलेल्या पाण्याच्या कडेवर दसऱ्याला लोखंड ठोकायचं, म्हणजे वरून जाणाऱ्याला खालचं पाणी ओढत नाही.

"झाकलेल्या," मृणाल म्हणाल्या. "बुजवलेल्या नाही."

भिंतीपलीकडे कुठेतरी शटर खाली आलं.

"आय जिती होती तवा," पांडूबाबा म्हणाले. "आसरा गुदमरतील, जितं पानी बुजवू नको, म्हनून तिनं दोन दिस अन्न सोडलं. बावीच्या आत कोनाड्यात सात दगूड हायत. लगीन झालं का पहिली ओटी तिथं. मी ठेकेदाराच्या मानसाला बोललो, माती नको टाकू, वरनं झाक. त्याला काय, त्याचं काम वाचलं. दोन गर्डर टाकले, वर फरशा, वर मुरूम. आनि कागदावर बुजवली म्हनून मी सही केली. त्यानं सांगितलं तसं."

सुनंदा दारात उभी होती. हातातली ताटं तिने खाली ठेवली नव्हती.

"तुमी?" ती म्हणाली. "बाबा, तुमी सांगितलंत?"

"मला वाटलं पंधरा दिसांचं काम. मंग एवढाले ट्रेलर आले. मंग गोदाम आलं. मंग तुजी बस तिथंच थांबाय लागली."

"मंग सांगायचं सरकारात."

"कागदावर सही माजी," ते म्हणाले. "सांगाय जायचो तर तोच कागद दाखवायचे." मग मृणालकडे वळले. "भेग होती तवर लोकं इचारत तरी होती, गोल का म्हनून. आज तीबी तुमी मिटवलीत. आता कुनाला काय दिसनार हाय?"

मृणालनी विचारलं, "बाव किती खोल?"

पांडूबाबांनी खुंटीवरचा दोर काढून दिला. राहाटाचा जुना दोर, वेटोळं करून ठेवलेला. सुनंदाने आणि मी तो अंगणात उलगडला. अंगण संपलं, दोर संपला नाही.

परतताना मृणाल इतकंच बोलल्या. शनिवारी अकरा वाजता अधिकारी येणार होते. मिटलेल्या भेगेतून रस्त्याचा एक नमुना, ज्याला कोअर म्हणतात, कापून दाखवायचा होताच. तो कुठून कापायचा हे त्या ठरवू शकत होत्या. कडेवरून कापला तर हातभर खोलीत काम झालं असतं आणि प्रयोग यशस्वी ठरला असता. मधोमध कापला तर दाखवायची जागाच फुटली असती.

शनिवार: क्रमांक नऊ

सकाळी साडेसातला धुकं होतं. गोदामांचे वरचे अर्धे भाग दिसत नव्हते. मृणालनी आधी कडेवरून एक कोअर काढला. पोटरीएवढा जाड काळा दंडगोल. त्यात भेग वरपासून खालपर्यंत मिटलेली होती, पोलादी तंतूंनी शिवल्यासारखी. तो त्यांनी टेम्पोच्या बॉनेटवर उभा ठेवला.

मग कोअर कापायचं यंत्र मधोमध नेलं. वर्तुळावर आडव्या फळ्या टाकून इस्माईलभाई त्यावरून पुढे गेले. कमरेला पांडूबाबांचाच दोर बांधला होता, दुसरं टोक चिंचेला. पांडूबाबा चिंचेपाशी दोर धरून बसले.

पातं डांबरातून गेलं. मग खडीच्या थरातून. त्याखाली मुरूम लागायला हवा होता. आवाज बदलला. खरखर एकदम थांबली आणि मोटर रिकामी, उंच सुरात फिरू लागली. इस्माईलभाईंनी बटण बंद केलं.

छिद्रातून वाफ आली असं आधी वाटलं. ती वाफ नव्हती. आतल्या हवेने धुकं वर ढकललं जात होतं. शेवाळाचा, थंड दगडाचा वास आला. बाजूला पडलेला खडीचा तुकडा इस्माईलभाईंनी छिद्रात सोडला. कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळे मनात मोजत होते. एक. दोन. मग पाण्याचा आवाज.

पांडूबाबांनी डोळे मिटले. दोर सोडला नाही.

मोबाइलला बॅटरी बांधून तो सुतळीने खाली सोडला, परत ओढून घेतला आणि चित्रण आम्ही वर्तुळापासून लांब, टेम्पोपाशी पाहिलं. आधी गोल फिरणारा अंधार. मग चुन्यात बांधलेला जुना दगड. मग एक गर्डर, गंजून पापुद्रे सुटलेला, एक टोक भिंतीतून निसटून खाली लोंबणारा. फरशा नव्हत्या. मुरूम नव्हता. पावसागणिक तो बावीत वाहून गेला असणार. वर राहिला होता तो फक्त डांबर-खडीचा काळा थर, टीचभर जाडीचा, स्वतःच्याच आधाराने. कालपासून त्यात एकही भेग नव्हती.

चित्रणाच्या शेवटी कोनाडा दिसला. पांडूबाबांनी पडद्यावर बोट ठेवून मोजलं. "सात हायत," ते म्हणाले.

सुनंदा जेवणाचा डबा घेऊन बसला निघाली होती. तिने चित्रण दोनदा पाहिलं. दगडांपाशी थांबली नाही. वरचा काळा थर दिसतो तिथे तिने बोटाने पडदा थांबवला.

"चार वर्सं," ती म्हणाली. "रोज वीस जनी. पावसात एकमेकींना चिकटून उभ्या." मग सासऱ्याकडे न पाहता म्हणाली, "दोर सोडा आता, बाबा. तो मानूस कवाच भायेर आलाय."

मृणालनी दोन फोन केले. अधिकाऱ्यांना लवकर यायला सांगितलं आणि पोलिसांना रस्ता दोन्ही बाजूंनी बंद करायला. सहीविषयी विचारलं जाईल, असं त्यांनी पांडूबाबांना स्पष्ट सांगितलं.

"इचारू दे," ते म्हणाले. "आता मी दाखवीन."

इतर बायका रस्त्याच्या उजव्या बाजूला, वर्तुळाभोवतीच्या दोरीबाहेर जमल्या होत्या. साडेआठला धुक्यात बसचे दिवे दिसले. पोलीस अजून आले नव्हते. ड्रायव्हर सवयीने डावीकडे, चिंचेकडे घेत होता. इस्माईलभाई ओरडले, पण बसच्या आवाजात ते त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. सुनंदा डबा खाली ठेवून रस्त्याच्या मधोमध बसच्या दिशेने चालत गेली. हात वर, तळवा समोर. पळाली नाही. बस तिच्यापुढे दोन हातांवर थांबली. वर्तुळ तिथून पंधरा-वीस पावलं असेल.

"मरायचं हाय का?" ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

"न्हाय," सुनंदा म्हणाली. "म्हनूनच थांबवली."

बसचं इंजिन चालूच होतं. छिद्राच्या कडेची बारीक खडी त्या कंपनाने हलू लागली आणि एकेक खडा आत पडू लागला. आम्ही टेम्पोपाशी उभे होतो. तिथूनही ऐकू येत होतं. प्रत्येक खड्यानंतर सगळे तेवढाच वेळ थांबायचे, मग आवाज यायचा.

"बंद कर," सुनंदाने ड्रायव्हरला सांगितलं. "इंजिन बंद कर."

त्याने किल्ली फिरवली. रस्ता शांत झाला.

त्यानंतर आणखी एक खडा पडला.